व्हेरिएबल दिसतं कुठवर? नव्या भाषेत शिरताना करून बघायचे प्रयोग

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा बऱ्यापैकी जमू लागल्यावर मी पायथनकडे वळलो आणि पहिल्याच आठवड्यात चार ओळींच्या प्रोग्रॅमने मला तासभर बसवून ठेवलं. प्रोग्रॅम असा होता:

    मोजणी = ०

    डेफ वाढव():
        मोजणी = मोजणी + १

    वाढव()

वर ‘मोजणी’ ढळढळीत दिसतंय, फंक्शन ते एकाने वाढवतंय. सीमध्ये याच अर्थाचा कोड निमूट चालतो. पायथनने मात्र अनबाउंडलोकलएरर तोंडावर फेकला. लोकल, म्हणजे फंक्शनपुरत्या, व्हेरिएबलला व्हॅल्यू मिळण्याआधीच ते वापरलंय, असं त्याचं म्हणणं. मी ते लोकल केलं कधी? मी स्पेलिंग तपासलं, इंडेंटेशन तपासलं, फाइल बंद करून पुन्हा उघडली. चूक कोडमध्ये नव्हतीच. सीचा नियम मी न विचारता पायथनला लावला होता.

एक भाषा येत असताना दुसरी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला स्कोप, म्हणजे एखादं नाव कुठवर ओळखलं जातं ही भानगड, असाच गाठतो. पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण हात जुन्या भाषेच्या सवयीने चालतात. त्यामुळे नवी भाषा हातात घेतली की खरं काम सुरू करण्याआधी पाच-सहा ओळींचे काही प्रयोग करून टाकावेत, असं माझं मत झालंय. तासाभरात होतात आणि पुढचे बरेच तास वाचतात.

(इथले नमुने वाचायला सोपे जावेत म्हणून सगळंच देवनागरीत लिहिलंय. प्रत्यक्ष टाइप करताना किवर्ड आणि आकडे त्या भाषेचेच घ्यायचे. व्हेरिएबलचं नाव ‘मोजणी’ ठेवलंत तरी पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट दोघंही खळखळ करत नाहीत, ही त्यातल्या त्यात गंमत.)

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

प्रोग्रॅमच्या मजकुराच्या जेवढ्या भागात एखादं नाव ओळखलं जातं, तेवढा त्या नावाचा स्कोप. इथे ‘नाव’ हा शब्द महत्त्वाचा. त्या नावामागची व्हॅल्यू मेमरीत किती काळ टिकते हा निराळा प्रश्न आहे, त्याला आयुष्य म्हणू. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ या दोघांची सरमिसळ केल्याने होतो.

दोन्ही वेगळे असतात याचा पुरावा सीमध्येच मिळतो. फंक्शनच्या आत ‘स्टॅटिक’ लावून एक व्हेरिएबल बनवा. ते फंक्शनबाहेर कुणाला दिसत नाही, म्हणजे स्कोप इवलासा. पण फंक्शन संपलं तरी व्हॅल्यू जात नाही. पुढच्या वेळी तेच फंक्शन बोलावलं की मागचा आकडा तिथेच वाट बघत असतो. आयुष्य पूर्ण प्रोग्रॅमभर, ओळख मात्र महिरपी कंसापुरती.

मग बघा: जन्माला वेगळा शब्द आहे का?

नव्या भाषेचं पहिलं पान उघडलं की मी एवढंच शोधतो. व्हेरिएबल पहिल्यांदा बनवणं आणि असलेल्या व्हेरिएबलमध्ये नवी व्हॅल्यू भरणं, या दोन कृती भाषेत वेगळ्या लिहिल्या जातात की एकसारख्या?

सी आणि जावात टाइप लिहावा लागतो: ‘इंट मोजणी’. रस्टमध्ये ‘लेट’ आहे, जावास्क्रिप्टमध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’, पर्लमध्ये ‘माय’. गोमध्ये ‘व्हार’ किंवा कोलन-बरोबर ही खूण. या भाषांमध्ये नाव कुठे जन्मलं ते कोडवर बोट ठेवून दाखवता येतं, आणि जिथे जन्मलं त्यावरून ते कुठवर दिसणार हेही ठरतं.

पायथन, रुबी, पीएचपी यांत साध्या व्हेरिएबलसाठी असा शब्द नाही. ‘मोजणी = ०’ ही ओळ जन्मही देते आणि बदलही करते. वाचणाऱ्याला हे सुटसुटीत वाटतं, पण अडचण भाषेची होते. फंक्शनच्या आत ही ओळ आली तर लिहिणाऱ्याच्या मनात नवं व्हेरिएबल आहे की बाहेरचंच? भाषेला अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक भाषेने तो वेगळा बांधलाय. पायथन म्हणतो, आत लिहिलंय तर आतलंच. लुआ आणि बॅश यांच्याकडे ‘लोकल’ हा शब्द आहे, पण तो विसरलात तर दोघंही ते व्हेरिएबल ग्लोबल, म्हणजे फंक्शनबाहेरही दिसणारं, धरतात. म्हणजे तीच ओळ, तोच हेतू आणि नेमका उलटा परिणाम.

एवढं कळलं की खालच्या प्रयोगांची बरीच उत्तरं आधीच सांगता येतात. तशी सांगूनच बघा. प्रत्येक प्रयोगासाठी वेगळी छोटी फाइल करा (एकाच फाइलमध्ये सगळं कोंबलं तर एक एरर बाकीच्यांना चालूच देत नाही). रन करण्याआधी तुमचा अंदाज कमेंटमध्ये लिहा. हा भाग टाळू नका. अंदाज लिहिला नसला की उत्तर बघितल्यावर ‘हे तर ठाऊकच होतं’ असं वाटतं आणि आठवड्याने तीच चूक पुन्हा होते.

पहिला प्रयोग: ब्लॉकच्या भिंती खऱ्या की रंगवलेल्या

    जर (खरं) {
        आतलं = ५
    }
    प्रिंट(आतलं)

‘इफ’च्या आत बनवलेलं व्हेरिएबल बाहेर छापायचं, एवढंच. सी, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, गो, रस्ट, कोटलिन या भाषांत हे कंपाइलच होणार नाही. महिरपी कंस बंद झाला की आतलं नाव संपलं. ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या अल्गोलमध्ये ‘बिगिन’ आणि ‘एंड’ यांच्यामधला ब्लॉक आपली नावं आपल्यापुरती ठेवायचा, आणि महिरपी कंसवाल्या भाषांकडे तो वारसा तिथूनच आला.

पायथन आणि पीएचपीमध्ये मात्र ५ छापला जातो. पायथनमध्ये ‘इफ’, ‘फॉर’, ‘व्हाइल’ यांना स्वतःचा स्कोप नसतोच, फंक्शनला असतो. त्यामुळे ‘फॉर’ लूप संपल्यावरही लूपचं व्हेरिएबल शेवटची व्हॅल्यू धरून मागे उरतं. काही जण याचा फायदा उठवतात. मी टाळतो, कारण ज्या यादीवर लूप चालवला ती रिकामी निघाली तर ते व्हेरिएबल जन्मतच नाही आणि पुढच्या ओळीला नेमएरर येतो. तपासताना यादी भरलेली असते, रिकामी यादी नंतर कधीतरी रात्री येते.

पायथनमध्ये दोन अपवाद लक्षात ठेवा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच्या (एकाच ओळीत लूप लिहून लिस्ट बनवायची पद्धत) आतलं व्हेरिएबल पायथन २ मध्ये बाहेर सांडायचं, ३ मध्ये सांडत नाही. आणि ‘एक्सेप्ट’ ओळीत एररला ‘अ‍ॅज’ लावून दिलेलं नाव तो ब्लॉक संपताच पुसलं जातं. एरर नंतर वापरायचा असेल तर आतच दुसऱ्या नावाने जपून ठेवा.

रुबीची तऱ्हा न्यारी. ‘इफ फॉल्स’ लिहून आत व्हेरिएबलला व्हॅल्यू द्या. ती ओळ कधीच चालणार नाही, तरी बाहेर छापल्यावर एरर न येता ‘निल’ मिळतं. रुबीने ओळ वाचतानाच नावाची नोंद घेतलेली असते.

जावास्क्रिप्टसाठी हा प्रयोग दोनदा करा, एकदा ‘व्हार’ने आणि एकदा ‘लेट’ने. ‘व्हार’ ब्लॉकची भिंत मानत नाही, फक्त फंक्शनची मानतं. ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ ब्लॉकची मानतात, पण ते आले २०१५ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं भाषा सीसारखी दिसत होती आणि वागत मात्र वेगळी होती. जुना कोड वाचायची वेळ आली की हे आठवा.

दुसरा प्रयोग: फंक्शनला बाहेरचं दिसतं का

बाहेर एक व्हेरिएबल, आत फक्त प्रिंट. बहुतेक भाषांत छापलं जातं, त्यामुळे हा प्रयोग फुकट गेला असं वाटेल. पीएचपीत करून बघा म्हणजे पटेल. तिथे फंक्शनला बाहेरची व्हेरिएबलं दिसतच नाहीत. ‘असं व्हेरिएबल नाही’ अशी वॉर्निंग येते आणि प्रोग्रॅम रिकामी व्हॅल्यू घेऊन पुढे निघून जातो. बाहेरचं हवं असेल तर फंक्शनच्या आत ‘ग्लोबल’ लिहून नाव घेऊन मागावं लागतं. मला हा कडकपणा आवडतो, पण तिथेच थांबून एरर दिला असता तर जास्त आवडला असता.

रुबीत ‘डेफ’ ही अशीच बंद खोली आहे. ब्लॉक (रुबीत मेथडला सोबत दिलेला कोडचा तुकडा) मात्र बाहेरचं सगळं बघू शकतो. एकाच भाषेत दोन नियम असल्यामुळे ‘डेफ’ आणि ब्लॉक दोन्ही वेगवेगळे तपासा.

तिसरा प्रयोग: आत लिहिलं तर बाहेर बदलतं का

हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

    अंक = १

    फंक्शन बदल():
        अंक = २

    बदल()
    प्रिंट(अंक)

जन्माला वेगळा शब्द असलेल्या भाषांत उत्तर सरळ आहे: आत जन्माचा शब्द लिहिलेला नाही, म्हणजे बाहेरचंच व्हेरिएबल बदललं, २ छापला जाणार. जावास्क्रिप्टमध्ये आतल्या ओळीला ‘लेट’ लावलंत तर १ छापला जाईल. एका शब्दाने अर्थ फिरतो, पण तो शब्द कोडमध्ये उघड दिसतो.

पायथनमध्ये १ छापला जातो. आतलं ‘अंक’ हे नवं, फंक्शनपुरतं व्हेरिएबल झालं. इथवर ठीक. पण सुरुवातीच्या माझ्या प्रोग्रॅममध्ये एरर का आला? कारण पायथन हे ठरवतो कधी, ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की ओळीमागून ओळ चालताना तो ठरवत जात असेल. तसं नाही. फंक्शन चालण्याआधी, ते कंपाइल होतानाच पायथन त्याचा पूर्ण मजकूर चाळतो. त्यात कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का असेना, एखाद्या नावाला व्हॅल्यू दिलेली आढळली की ते नाव त्या पूर्ण फंक्शनसाठी लोकल ठरतं. पहिल्या ओळीपासून. म्हणून ‘मोजणी = मोजणी + १’ मधलं उजवीकडचं ‘मोजणी’सुद्धा लोकलच, आणि त्याला अजून व्हॅल्यू मिळालेली नाही.

हे नीट मुरवायचं तर अजून एक गंमत करा. फंक्शनमध्ये फक्त ‘प्रिंट(अंक)’ ठेवा, चालेल. आता त्याच्या खालच्या ओळीत ‘अंक = २’ लिहा. वरची, कालपर्यंत चालणारी प्रिंटची ओळ एरर देऊ लागेल. खाली लिहिलेल्या ओळीने वरची ओळ बिघडवली, हे डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा विसरता येत नाही.

बाहेरचं खरोखर बदलायचं असेल तर फंक्शनच्या सुरुवातीला ‘ग्लोबल मोजणी’ लिहायचं. फंक्शनच्या आत फंक्शन असेल आणि मधल्या फंक्शनचं व्हेरिएबल बदलायचं असेल तर ‘नॉनलोकल’. हा शब्द पायथन ३ बरोबर आला. पायथन २ मध्ये मधल्या फंक्शनचं व्हेरिएबल वाचता यायचं, पण त्याला नवी व्हॅल्यू देता यायची नाही, म्हणून लोक एका घटकाची लिस्ट ठेवून काम भागवायचे.

लिस्टवरून आठवलं. बाहेर लिस्ट आहे आणि आत ‘यादी.अपेंड(५)’ लिहिलंत तर ‘ग्लोबल’ न लिहिताही बाहेरची लिस्ट बदलते. विसंगती वाटते, पण नाही. अपेंड करताना ‘यादी’ या नावाला नवी व्हॅल्यू दिलेली नसते, ते नाव ज्या वस्तूकडे बोट दाखवतं ती वस्तू बदललेली असते. स्कोपचे नियम नावाला लागू होतात, वस्तूला नाही. आणि खातरजमा म्हणून: अपेंडऐवजी ‘यादी += [५]’ लिहा. यात बरोबर चिन्ह आलं, नाव लोकल ठरलं, एरर परत हजर.

‘ग्लोबल’ या शब्दाने फसू नका. पायथनमध्ये ग्लोबल म्हणजे त्या फाइलपुरतं. दुसऱ्या फाइलला ते इम्पोर्ट करूनच मिळतं. सीमध्ये उलट: कुठल्याही फंक्शनबाहेर लिहिलेलं व्हेरिएबल दुसऱ्या फाइलला ‘एक्स्टर्न’ लिहून मिळवता येतं, आणि तसं होऊ द्यायचं नसेल तर ‘स्टॅटिक’ लावायचं. तोच ‘स्टॅटिक’, जो फंक्शनच्या आत वेगळं काम करत होता. सीने शब्दांची बचत केली आणि शिकणाऱ्यांच्या डोक्याला काम लावलं.

आता याच प्रयोगाची दुसरी बाजू. बाहेर त्या नावाचं काहीच लिहू नका, आत थेट ‘एकुण = २’ लिहा (‘एकूण’ लिहायचं होतं, ऊकार चुकला असं समजा). जुन्या पद्धतीच्या जावास्क्रिप्टमध्ये कसलीही तक्रार न होता ‘एकुण’ नावाचं नवं ग्लोबल तयार होतं. खरं व्हेरिएबल जसंच्या तसं राहतं आणि तुम्ही उत्तर का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसता. २००९ च्या आवृत्तीत स्ट्रिक्ट मोड आला तो यासाठीही. फाइलच्या पहिल्या ओळीत तो चालू केला की अशा ठिकाणी रेफरन्सएरर मिळतो. मॉड्यूल म्हणून लिहिलेल्या फाइलमध्ये तो आपोआप चालू असतो. पर्लमध्येही ‘यूज स्ट्रिक्ट’ याच कामाला येतं. नव्या भाषेत असा कडक मोड सापडला तर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

चौथा प्रयोग: एकाच नावाचे दोघे

बाहेर ‘नाव’, आत ब्लॉकमध्ये पुन्हा जन्माचा शब्द लावून ‘नाव’. आतलं बाहेरच्याला झाकतं, याला शॅडोइंग म्हणतात. सीमध्ये चालतं. जावात फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलला आतल्या ब्लॉकमध्ये पुन्हा तेच नाव दिलं तर कंपायलर अडवतो, पण क्लासच्या फील्डला पॅरामीटरने झाकलेलं त्याला चालतं. म्हणूनच कन्स्ट्रक्टरमध्ये ‘धिस.नाव = नाव’ असं लिहिलेलं सगळीकडे दिसतं. ‘धिस’ विसरलात तर पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची व्हॅल्यू देतो आणि फील्ड रिकामं राहतं.

रस्टमध्ये शॅडोइंग ही रीतच आहे. मजकूर वाचला, त्याच नावाने ट्रिम केला, त्याच नावाने आकड्यात बदलला: तीन ‘लेट’, तीन वेगळी व्हेरिएबलं, एक नाव. इतर भाषांतून आलेल्यांना हे आधी खटकतं, मग आवडू लागतं.

गोमध्ये सांभाळून राहा. ‘इफ’च्या आत कोलन-बरोबर वापरलंत की आत नवं ‘एरर’ व्हेरिएबल जन्मतं, बाहेरचं तसंच रिकामं राहतं, आणि शेवटी बाहेरचं परत करून तुम्ही ‘सगळं ठीक’ असं सांगून मोकळे होता. एका कोलनचा फरक. नुसतं बरोबर हवं होतं.

पायथनमध्ये नवशिक्या हमखास झाकतो ती भाषेची स्वतःची नावं. ‘लिस्ट = [१, २]’ लिहिलंत की पुढे ‘लिस्ट(“अबक”)’ चालणार नाही, लिस्ट ऑब्जेक्टला कॉल करता येत नाही असा टाइपएरर येईल. ‘सम’, ‘मॅक्स’, ‘इनपुट’ यांचंही तसंच. एडिटरने एखादं नाव वेगळ्या रंगात दाखवलं तर ते स्वतःच्या व्हेरिएबलला देऊ नका.

पाचवा प्रयोग: लूपमध्ये बनवलेली फंक्शनं

इथे अनुभवी लोकही अडखळतात. लूप तीनदा फिरवा, प्रत्येक फेरीत एक छोटं फंक्शन बनवा जे लूपचा ‘आय’ छापतं, ती तिन्ही फंक्शनं यादीत साठवा आणि लूप संपल्यावर एकेक करून बोलवा.

अपेक्षा: ० १ २. जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ वापरून: ३ ३ ३. पायथनमध्ये: २ २ २.

फंक्शनने ‘आय’ची व्हॅल्यू उतरवून घेतली असं आपण धरून चालतो. त्याने व्हेरिएबलच धरून ठेवलेलं असतं, आणि बाहेरचं व्हेरिएबल असं सोबत घेऊन फिरणाऱ्या फंक्शनला क्लोजर म्हणतात. तिन्ही फंक्शनं एकाच ‘आय’कडे बघतायत. बोलावेपर्यंत लूप संपलाय आणि त्या ‘आय’मध्ये शेवटचा आकडा उरलाय. जावास्क्रिप्टमध्ये तीन आणि पायथनमध्ये दोन का, हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही लक्ष देऊन वाचताय. जावास्क्रिप्टचा लूप ‘आय’ वाढवत तीनवर नेतो, तिथे अट मोडते आणि थांबतो. पायथनचा लूप ०, १, २ एवढीच यादी फिरतो, तीन कधी येतच नाही.

जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ लिहा, ० १ २ मिळेल, कारण ‘लेट’ दर फेरीला नवं ‘आय’ देतं. पायथनमध्ये असा शब्द नाही. तिथे फंक्शनच्या पॅरामीटरला ‘आय=आय’ अशी डिफॉल्ट व्हॅल्यू देण्याची युक्ती वापरतात. डिफॉल्ट व्हॅल्यू फंक्शन बनतानाच ठरते, त्यामुळे त्या फेरीचा आकडा पकडला जातो. दिसायला विचित्र आहे, पण पहिल्यांदा कुणाच्या कोडमध्ये दिसलं तर ती चूक समजून पुसू नका.

जावाने दारच लावून घेतलंय: लॅम्ब्डाला (बिननावाच्या छोट्या फंक्शनला) फक्त न बदलणारं लोकल व्हेरिएबल धरता येतं, वाढत जाणारं ‘आय’ धरायला गेलात की कंपायलर थांबवतो. सी शार्पने २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीत ‘फॉरईच’चं वागणं बदलून दर फेरीला नवं व्हेरिएबल दिलं, साध्या ‘फॉर’चं मात्र जुनंच ठेवलं.

सहावा प्रयोग: लिहिलं कुठे की बोलावलं कुणी

    नाव = “बाहेर”

    फंक्शन दाखव():
        प्रिंट(नाव)

    फंक्शन मधला():
        लोकल नाव = “आत”
        दाखव()

    मधला()

‘दाखव’ला कुठलं ‘नाव’ मिळेल? आजच्या बहुतेक भाषांत ‘बाहेर’ छापलं जातं, कारण फंक्शन जिथे लिहिलं तिथून बाहेर बघत जायचं, असा नियम आहे. हा लेक्सिकल स्कोप. बॅशमध्ये ‘आत’ छापलं जातं: तिथे ज्याने बोलावलं त्याची लोकल व्हेरिएबलं दिसतात. हा डायनॅमिक स्कोप. सुरुवातीच्या लिस्पमध्ये हीच पद्धत होती, १९७५ च्या स्कीमने त्या घराण्यात लेक्सिकल स्कोप आणला. ईमॅक्सच्या लिस्पमध्ये तो पर्याय यायला २०१२ उजाडलं. पर्लमध्ये दोन्ही आहेत, ‘माय’ लेक्सिकल आणि ‘लोकल’ डायनॅमिक, आणि ‘लोकल’ या नावाने कित्येकांना चकवलंय.

बॅशचा विषय निघालाच आहे तर माझी एक फजिती सांगतो. एका कमांडचं आउटपुट पाइपने ‘व्हाइल रीड’ लूपला देऊन ओळी मोजत होतो. लूपच्या आत आकडा छापला तर बरोबर वाढायचा, लूपबाहेर छापला तर शून्य. मी स्कोपची चूक शोधत राहिलो, ‘लोकल’ लावून पाहिलं, काढून पाहिलं. कारण स्कोप नव्हताच. पाइपच्या उजवीकडचा लूप बॅश वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. तिथलं व्हेरिएबल ही नक्कल असते आणि लूपसोबत ती नाहीशी होते. आउटपुट आधी फाइलमध्ये घेऊन ती फाइल लूपला दिली की प्रश्न मिटतो. झेडशेलमध्ये त्याच ओळी नीट चालतात, त्यामुळे ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हा संवाद इथे ठरलेला.

रोजच्या कामात

व्हेरिएबल वापराच्या जवळ बनवा आणि फंक्शनला जे लागतं ते पॅरामीटरने द्या, जे निघतं ते परत घ्या. एवढं पाळलं तर ‘ग्लोबल’ची गरज क्वचित पडते. सीच्या जीसीसी कंपायलरला ‘डब्ल्यू शॅडो’ हा पर्याय दिला की झाकलेली नावं तो दाखवतो, जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट आणि पायथनसाठी पायफ्लेक्स माहीत नसलेली नावं पकडून देतात. कुठल्या क्षणी काय दिसतंय याचा संशय आला तर ब्राउझरच्या डीबगरमध्ये ब्रेकपॉइंट लावा, स्कोपची यादी बाजूलाच असते. पायथनमध्ये फंक्शनच्या आत ‘लोकल्स()’ छापून बघा.

ज्युपिटर नोटबुकवर शिकणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे सगळे सेल एकाच ग्लोबल स्कोपमध्ये राहतात. सेल खोडून टाकला तरी त्यात बनलेलं व्हेरिएबल मेमरीत असतं, आणि तुमचं फंक्शन पॅरामीटरऐवजी गुपचूप त्याच्यावर चालत असतं. काही चाललं नाही तर शोधायचं असतंच, पण सगळं चालतंय असं दिसलं तरी कर्नल (सेल चालवणारी प्रोसेस) रीस्टार्ट करून वरपासून सगळे सेल एकदा चालवा. नेमएरर आला तर तो तेव्हाच आलेला बरा.

प्रयोगांच्या फाइल टाकून देऊ नका. भाषेची नवी आवृत्ती आली की त्या पुन्हा चालवायच्या. गो भाषेतली पाचव्या प्रयोगाची फाइल २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत ३ ३ ३ छापत होती. १.२२ आवृत्तीपासून तिथेही दर फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं आणि ० १ २ छापलं जातं. त्यातही मेख अशी की नवा नियम लागतो तो मॉड्यूलच्या फाइलमध्ये आवृत्ती १.२२ किंवा पुढची लिहिलेली असेल तरच. नवा कंपायलर घालूनही आकडे जुनेच आले तर कोडमध्ये चूक शोधण्याआधी ‘गो.मॉड’मधली ती ओळ बघा.